टीएलई वाचताना: दोन ओळी, एकोणसत्तर रकाने

एखादा उपग्रह या क्षणी कुठे आहे हे सांगायची जगभर चालणारी भाषा म्हणजे टीएलई, टू-लाइन एलिमेंट सेट. नावाप्रमाणे दोनच ओळी, आणि प्रत्येक ओळीत ६९ रकाने. अंतराळ स्थानक आज किती वाजता दिसेल ते सांगणारं मोबाइल अ‍ॅप असो की कॉलेजच्या गच्चीवरचा अँटेना फिरवणारा प्रोग्राम, आत बहुतेक वेळा हेच असतं. फाइल उतरवायची, प्रोग्रामला द्यायची आणि विसरून जायचं, असा सगळ्यांचा खाक्या. सगळं बरोबर चालतंय तोवर त्यात काही बिघडत नाही. अँटेना भलतीकडे वळला की मात्र त्या ओळी डोळ्यांनी वाचता याव्या लागतात.

नमुन्यासाठी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा २००८ सालचा एक संच घेतो. मूळ फाइलमध्ये आकडे आणि अक्षरं रोमन असतात, इथे नागरीत लिहिली आहेत.

१ २५५४४यू ९८०६७ए   ०८२६४.५१७८२५२८ -.००००२१८२  ०००००-० -११६०६-४ ०  २९२७
२ २५५४४  ५१.६४१६ २४७.४६२७ ०००६७०३ १३०.५३६० ३२५.०२८८ १५.७२१२५३९१५६३५३७

हे सगळं इतकं कोंबून का लिहिलंय? तर मूळ ८० रकान्यांच्या पंचकार्डावरचं, भोकं पाडून संगणकाला माहिती द्यायच्या पुठ्ठ्यावरचं. कार्डावर प्रत्येक भोकाची किंमत होती, म्हणून जिथे दशांशचिन्ह गृहीत धरता येईल तिथे ते गाळलं. कार्डं गेली, काटकसर राहिली.

पहिल्या ओळीतला २५५४४ हा कॅटलॉग क्रमांक, अवकाशातल्या वस्तूंच्या अमेरिकी यादीतला. स्पुतनिक-१चा २, आणि त्याला वर नेणाऱ्या रॉकेटचा १. भारताच्या आर्यभटाचा ७७५२. ‘यू’ म्हणजे माहिती गोपनीय नाही. त्यानंतरचं ९८०६७ए म्हणजे १९९८ सालातलं ६७वं प्रक्षेपण, त्यातली ‘ए’ वस्तू. हा स्थानकाचा पहिला भाग ‘झार्या’, २० नोव्हेंबर १९९८ रोजी बैकानूरहून गेलेला. पुढे कितीही भाग जोडले गेले तरी सगळ्या स्थानकाची ओळख त्याच्याच नावावर चालते.

वस्तूची अक्षरं देताना आय आणि ओ वगळतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. म्हणजे एका फेरीत २४ अक्षरं, मग एए, एबी असं पुढे. १५ फेब्रुवारी २०१७ला पीएसएलव्ही-सी३७ने १०४ उपग्रह एकदम सोडले. नुसते तेवढेच मोजले तरी अक्षरं डीएचपर्यंत जातात. या रकान्याचा आणखी एक उपयोग आहे. ९९०२५ने सुरू होणारी दोन-तीन अक्षरी नोंद दिसली की तो फेंगयुन-१सी या चिनी हवामान उपग्रहाचा तुकडा समजावा. तो फुटला ११ जानेवारी २००७ला, क्षेपणास्त्राच्या चाचणीत. पण तुकड्यांना साल मिळतं ते मूळ प्रक्षेपणाचं, फुटण्याचं नाही.

आता ०८२६४.५१७८२५२८. याला एपॉक म्हणतात: बाकीचे सगळे आकडे ज्या क्षणाचे आहेत तो क्षण. पहिले दोन अंक वर्षाचे, उरलेला वर्षातला दिवस. नवा प्रोग्राम लिहिणारे हमखास इथेच अडखळतात, कारण १ जानेवारी हा दिवस १ आहे, ० नव्हे. त्यामुळे १ जानेवारीच्या ० तासात २६४.५१७ नाही, २६३.५१७ दिवस मिळवायचे. २००८ लीप वर्ष, म्हणून उत्तर येतं २० सप्टेंबर. दशांशाचा भाग २४ने गुणला की १२ वाजून २५ मिनिटं ४०.१ सेकंद. ही वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे ५ वाजून ५५ मिनिटं झाली होती. एका दिवसाची चूक झाली तर स्थानक तेवढ्यात पावणेसोळा फेऱ्या मारून आलेलं असतं. संगणकाचं घड्याळ भारतीय वेळेवर आणि प्रोग्रामला ते यूटीसी वाटतंय, असा घोटाळा असेल तर साडेपाच तासांत ३.६ फेऱ्यांचा फरक. दोन्ही चुकांत उत्तर अगदी खरंखुरं दिसतं, फक्त आकाशात तिथे काही नसतं. दोन आकडी वर्षाचा नियमही लक्षात ठेवावा: ५७ ते ९९ म्हणजे १९५७ ते १९९९, आणि ०० ते ५६ म्हणजे २००० ते २०५६. स्पुतनिक ४ ऑक्टोबर १९५७ला गेला, त्याआधीची नोंद असूच शकत नाही.

-.००००२१८२ हा मध्यम गती, म्हणजे दिवसातल्या फेऱ्यांची संख्या, दिवसाला किती बदलते त्याचा आकडा, पण निम्मा केलेला. त्याच्या पुढचा, इथे शून्य असलेला, बदलाचा बदल, तो सहाने भागलेला. गणितात हे भाजक लागतातच, म्हणून आधीच भागून ठेवले. ज्याला हे ठाऊक नाही तो उपग्रह किती दिवसांत खाली येईल याचा अंदाज दुपटीने चुकवतो.

-११६०६-४ हे बी-स्टार, हवेच्या ओढीचं पद. वाचायचं असं: उणे ०.११६०६ गुणिले दहाचा उणे चौथा घात. दशांशचिन्ह पहिल्या अंकाआधी गृहीत, आणि शेवटचे ‘-४’ हा घात. आता हा आकडा ऋण आहे म्हणजे काय, हवेने स्थानकाला मागून ढकललं? नाही. निरीक्षणांवर वक्र बसवताना जे काही नीट बसत नाही ते या पदात जाऊन साठतं: वातावरणाच्या घनतेतली चूक, मधल्या काळात इंजिन चालवून कक्षा उंचावलेली असणं, सौर प्रारणाचा दाब. म्हणून बी-स्टारवरून उपग्रहाचा आकार किंवा वजन काढायला जाऊ नये. लोक जातात.

दुसरी ओळ कक्षेची. कल ५१.६४१६ अंश, म्हणजे विषुववृत्ताशी कक्षेचं प्रतल किती तिरकं आहे ते. हा एक आकडा पाहूनच उपग्रह आपल्या डोक्यावरून कधी जाईल का ते कळतं: कल आपल्या अक्षांशापेक्षा कमी असेल तर कधीच नाही. अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय खगोल उपग्रहाचा कल ६ अंश आणि सोडला तेव्हाची उंची सुमारे ६५० किलोमीटर. तेवढ्या उंचीवरून मुंबईत तो जास्तीत जास्त साधारण १६-१७ अंशांवर, दक्षिणेकडे दिसू शकतो. दिल्लीत जेमतेम दोन अंश, म्हणजे इमारतींमागेच. कल ९०च्या वर असेल तर उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याच्या उलट दिशेला झुकलेला. ९७-९८ दिसलं की बहुधा सूर्यसमकालिक कक्षा (एखाद्या जागेवरून दर वेळी त्याच स्थानिक वेळेला नेणारी), पृथ्वीचे फोटो काढणाऱ्यांची आवडती.

२४७.४६२७ हा आरोही पाताचा विषुवांश, म्हणजे आकाशातला रेखांश. उपग्रह दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना विषुववृत्त जिथे ओलांडतो तो बिंदू म्हणजे आरोही पात. चंद्राच्या बाबतीत यालाच पंचांगात राहू म्हणतात. राहू जसा मागे मागे सरकतो तसाच हाही, कारण पृथ्वीचा मध्यभाग फुगीर आहे. चंद्राच्या पाताला पूर्ण फेरीला १८.६ वर्षं लागतात, स्थानकाचा पात मात्र दिवसाला सुमारे पाच अंश सरकतो. त्यात सूर्याचा रोजचा एक अंश धरला तर पास (स्थानकाचं आपल्या आकाशातून एकेकदा जाणं) दर दिवशी साधारण २४ मिनिटं लवकर येऊ लागतात.

०००६७०३ ही उत्केंद्रता, म्हणजे कक्षा वर्तुळापेक्षा किती लांबट ते: ०.०००६७०३. इथेही दशांशचिन्ह गाळलेलं. ६७०३ असं वाचलं तर निदान प्रोग्राम लगेच कोसळतो, त्यामुळे ही चूक लवकर सापडते. पुढचे दोन कोन, उपभूचा (कक्षेतला पृथ्वीला सर्वात जवळचा बिंदू) १३०.५३६० आणि मीन अ‍ॅनॉमली ३२५.०२८८ (उपग्रह उपभूपासून किती पुढे गेला त्याचा मध्यम कोन), वेगवेगळे बघून फारसं काही हाती लागत नाही. कक्षा जवळजवळ वर्तुळ असली की उपभू नेमका कुठे हेच धड ठरत नाही आणि एका संचातून दुसऱ्या संचात हे दोन्ही आकडे मोठमोठ्या उड्या मारतात. घाबरू नये, बेरीज करावी. १३०.५३६० अधिक ३२५.०२८८ म्हणजे ४५५.५६४८, त्यातून ३६० वजा केले की ९५.५६४८. म्हणजे स्थानक आरोही पाताच्या पुढे साडेपंचाण्णव अंशांवर, उत्तरेकडचं टोक नुकतंच ओलांडून ५१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास. ही बेरीज संचासंचात शिस्तीत चालते. भूस्थिर उपग्रहांत कलही शून्याजवळ असतो, तिथे पातही उड्या मारतो. मग तिन्ही कोनांची बेरीज बघायची.

मध्यम गती १५.७२१२५३९१, दिवसाला इतक्या फेऱ्या. १४४०ला हिने भागलं की एका फेरीचा काळ ९१.६ मिनिटं. यावरून केप्लरच्या तिसऱ्या नियमाने अर्धदीर्घ अक्ष (पृथ्वीच्या केंद्रापासूनचं सरासरी अंतर) ६७३१ किलोमीटर, त्यातून पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८ वजा केली की सरासरी उंची ३५३ किलोमीटर. उत्केंद्रतेमुळे साडेचार किलोमीटर खाली-वर. उंची टीएलईत कुठेच लिहिलेली नसते, ती अशी काढावी लागते. हाच आकडा १.००२७च्या जवळ असेल तर उपग्रह भूसमकालिक, पृथ्वीच्या एका गिरकीत एक फेरी मारणारा. बातम्यांत अशा प्रत्येकाला सरसकट भूस्थिर म्हणतात. त्याच वेळी कलाचा रकाना बघावा: नाविक या भारतीय दिशादर्शन व्यवस्थेचे काही उपग्रह २९ अंश कलाच्या कक्षेत आहेत, ते आकाशात रोज इंग्रजी आठासारखी वाट काढतात. डिश एका जागी घट्ट बसवून चालते ती शून्याजवळच्या कलाला.

पुढचे ५६३५३ म्हणजे आतापर्यंतच्या फेऱ्या. यातला घोळ असा की मध्यम गती आणि फेऱ्यांचा आकडा यांच्यात मोकळी जागा राहत नाही. ओळ मोकळ्या जागांवर तोडणारा प्रोग्राम १५.७२१२५३९१५६३५३७ अशी एकच संख्या उचलतो. गती जवळपास बरोबर येते, म्हणून चूक लक्षात येत नाही, आणि फेऱ्या नि तपासणीचा अंक दोन्ही गायब. नव्या उपग्रहाच्या फेऱ्या कमी असतात, तिथे मधे जागा असते, मग तोच प्रोग्राम रकाने मोजताना गडबडतो. चाचणी नव्या उपग्रहावर आणि वापर जुन्यावर, म्हणजे ठरलेली फजिती. टीएलई नेहमी रकान्यांच्या क्रमांकाने तोडावं: कल ९ ते १६, पात १८ ते २५, उत्केंद्रता २७ ते ३३, उपभू ३५ ते ४२, मीन अ‍ॅनॉमली ४४ ते ५१, मध्यम गती ५३ ते ६३, फेऱ्या ६४ ते ६८. स्थानकाच्या फेऱ्यांनी २०१६च्या मे महिन्यात लाखाचा टप्पा ओलांडला, तेव्हापासून तिथला आकडा पुन्हा शून्यापासून चालू आहे, हेही ध्यानात असू द्यावं.

६९वा रकाना तपासणीचा. ओळीतले सगळे अंक मिळवायचे, प्रत्येक उणे चिन्हाचा एक धरायचा. अक्षरं, बिंदू, अधिक चिन्ह आणि मोकळ्या जागा शून्य. बेरजेचा एककाचा अंक शेवटी लिहिलेला असतो. आपल्या नमुन्यात पहिल्या ओळीची बेरीज १५७, दुसरीची १९७, दोन्हींचा शेवट ७. करून बघा. ही तपासणी फार भाबडी आहे. ५१ चे १५ झाले तर बेरीज तीच. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा वर्डमधून पाठवताना दोन मोकळ्या जागांची एक झाली तर बेरीज तीच, पण सगळे रकाने सरकले. वर्डने साध्या उणे चिन्हाची लांब रेघ केली तर मात्र बेरीज एकाने चुकते आणि प्रोग्राम निदान ओरडतो. म्हणून संच मजकुरात चिकटवून पाठवू नये, .टीएक्सटी फाइल पाठवावी, आणि बेरजेआधी ओळीची लांबी ६९ आहे का ते बघावं.

इथपर्यंत वाचन झालं. पण ज्यावर सगळ्यात जास्त वेळ वाया जातो ती गोष्ट रकान्यांत दिसत नाही: हे आकडे त्या क्षणीच्या खऱ्या कक्षेचे नाहीत. ते मध्यम आहेत. आपल्याकडच्या करणग्रंथांची (पंचांगाचं गणित सोपं करणाऱ्या ग्रंथांची) रीत माहीत असलेल्याला हे चटकन कळेल. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ आरंभ धरून ग्रहलाघव रचला. त्यात आरंभाचे क्षेपक, म्हणजे त्या क्षणीची ग्रहांची स्थानं, दिलेले, अहर्गण म्हणजे लोटलेले दिवस काढायचे, गतीने गुणून मध्यम ग्रह मिळवायचा आणि मग मंदफल-शीघ्रफलाचे संस्कार करून स्पष्ट ग्रह. अहर्गण फार वाढू नये म्हणून ४०१६ दिवसांची, सुमारे ११ वर्षांची चक्रं पाडलेली. टीएलईत एपॉकचे आकडे म्हणजे क्षेपक, आणि संस्कार करणारं सूत्र म्हणजे एसजीपी४. मध्यम ग्रह आकाशात दिसत नाही तसा टीएलईतला उपग्रहही आकाशात नसतो. आणि एका करणग्रंथाचे क्षेपक घेऊन दुसऱ्याचे संस्कार लावले तर जे होईल तेच इथे होतं.

म्हणून हे आकडे थेट केप्लरच्या समीकरणात घालू नयेत. एपॉकच्या क्षणालाच काही किलोमीटरची चूक येते, आणि पात व उपभू सरकत नसल्यामुळे ती झपाट्याने वाढते. जास्त अचूक म्हणून एखादं आधुनिक संख्यात्मक सॉफ्टवेअर लावलं तरी उत्तर बिघडतं, सुधारत नाही, कारण आकडे काढले गेले ते एसजीपी४मध्येच परत घालण्यासाठी. त्यातले पृथ्वीचे स्थिरांकही डब्ल्यूजीएस-७२चेच ठेवायचे, जीपीएसच्या सवयीने डब्ल्यूजीएस-८४ घालायचे नाहीत. फेरीचा काळ २२५ मिनिटं किंवा जास्त असेल तर सूर्य-चंद्राच्या ओढीचा भाग जोडलेला प्रकार लागतो. चांगल्या लायब्ररीत तो आपोआप निवडला जातो. आणि उत्तर येतं ते टीईएमई नावाच्या संदर्भचौकटीत. ते पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या चौकटीत न बदलता अक्षांश-रेखांश काढायला गेलात तर उपग्रह भलत्याच देशावर.

रेखांशावरून आठवलं: काही जुन्या हॅम (हौशी रेडिओ) प्रोग्रामांत पश्चिम रेखांश धन धरतात. मुंबईचे ७२.९ तसेच टाकले की तुम्ही १९ अंश उत्तरेला, हैतीत जाऊन बसता.

संच किती जुना चालतो? एपॉकला चूक साधारण एक किलोमीटरची, पुढे दिवसाला एक ते तीन किलोमीटरने वाढते, तीही मुख्यतः पुढे-मागे, म्हणजे वेळेत. स्थानकासाठी एक-दोन दिवसांपेक्षा जुना घेऊ नये, ते वारंवार कक्षा बदलतं आणि टीएलईला इंजिनाची खबर नसते. ५०० किलोमीटरवरच्या क्यूबसॅटला (डबीएवढ्या चिमुकल्या उपग्रहाला) तीन-चार दिवस, ८००च्या वर आठवडा. सौर वादळ आलं की हे सगळे अंदाज गुंडाळून ठेवायचे. ३ फेब्रुवारी २०२२ला सोडलेल्या ४९ स्टारलिंकपैकी बहुतेक एका मध्यम वादळानेच खाली आले, कारण वरची हवा फुगली. अशा दिवसांत ताजा संच रोज घ्यावा. मात्र दर मिनिटाला उतरवू नये. संच देणारं सेलेसट्रॅक हे संकेतस्थळ नवा डेटा आला का ते दोन तासांतून एकदा तपासतं, आणि तसंच दुसरं संकेतस्थळ स्पेस-ट्रॅक खातं असलेल्यांनाही हा डेटा तासाला एकदाच मागायला सांगतं. ऐकलं नाही तर खातं बंद होतं.

सगळ्यात किचकट प्रकार नव्या प्रक्षेपणानंतरचा. २२ जून २०१६ला पीएसएलव्ही-सी३४ने २० उपग्रह नेले, त्यात पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ होता, जेमतेम किलोभराचा. अशा वेळी पहिल्या दिवसांत यादीत ऑब्जेक्ट ए, ऑब्जेक्ट बी असंच असतं. रडारला ठिपके दिसतात, नावं नाहीत. आपला कोणता हे रेडिओवरून ठरवावं लागतं, ते असं. पास रेकॉर्ड करायचा, घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर ठेवून. ४३७ मेगाहर्ट्झवर उपग्रह उगवताना वारंवारिता सुमारे १० किलोहर्ट्झ वर आणि मावळताना तितकीच खाली असते. मधे ती सगळ्यात वेगाने घसरते, डोक्यावरून जाताना सेकंदाला दीडशे हर्ट्झच्या आसपास. तो क्षण सर्वात जवळ येण्याचा. मग यादीतल्या प्रत्येक संचावरून तोच क्षण काढायचा आणि कोणाचा जुळतो ते बघायचं. वारंवारितेच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये, प्रेषकाचा क्रिस्टल थंडीत किलोहर्ट्झभर सहज सरकतो. वारंवारितेच्या घसरणीच्या वक्राचा आकार खोटं बोलत नाही. क्षितिजालगतचे पास घेऊ नयेत, तिथे घसरण सपाट असते आणि क्षण नेमका सापडत नाही.

पहिल्या दिवशी सगळे एकमेकांना चिकटून असतात, तेव्हा घाई करून नाव लावू नये. दोन उपग्रह कक्षेच्या दिशेने सेकंदाला एक मीटर फरकाने सुटले तर दिवसाला सुमारे २६० किलोमीटर लांब जातात, म्हणजे पासमध्ये ३४ सेकंदांचा फरक. चार-पाच दिवसांत गर्दी विरळ होते. शिवाय यादीतच अदलाबदल होते, कालचा ऑब्जेक्ट एफ आज ऑब्जेक्ट जी असतो, म्हणून प्रत्येक नव्या संचानंतर पुन्हा ताळा करावा.

राहिला पाच रकान्यांचा कॅटलॉग क्रमांक, जो आता पुरेनासा झाला आहे. तात्पुरती सोय म्हणून पहिल्या अंकाच्या जागी अक्षर घालण्याची आल्फा-५ पद्धत आली: ए०००० म्हणजे १,००,०००, पुन्हा आय आणि ओ वगळून झेड९९९९ म्हणजे ३,३९,९९९. कोडमध्ये क्रमांक पूर्णांक म्हणून साठवत असाल तर तो रकाना आजच मजकूर करून घ्या. त्यापुढचं उत्तर ओएमएम हा प्रकार, जो एक्सएमएल, जेसन किंवा सीएसव्हीत मिळतो. त्यात प्रत्येक आकड्यापुढे त्याचं नाव, दशांशचिन्हं जागच्या जागी, वर्ष चार आकडी; आपल्या नमुन्याचा एपॉक तिथे २००८-०९-२०टी१२:२५:४०.१०४१९२ असा येईल. रकाने मोजायची कटकट गेली. आकडे मात्र तेच मध्यम, तेच डब्ल्यूजीएस-७२चे आणि तेच एसजीपी४साठीचे. फाइलचा प्रकार बदलताना ते सूत्र बदलायला जाऊ नका.